पेन्सिलीचा रकाना

नवीन मशीन तपासायला आलं की अण्णा आधी त्याच्याशेजारी बसून डबा खायचे. मशीन सुरू करायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, सोबत आलेलं माहितीपुस्तक उघडायचं नाही. पोत्यावर मांडी घालायची, ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी काढायची, आणि जेवता जेवता मशीनकडे बघत राहायचं. मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाताना बघतात, अगदी तसं. हे काय चाललंय असं मी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "स्वल्प थांब बाळ. ओळख तर होऊ दे." मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग चार-पाच मशिनं झाली, दर वेळी तोच डबा आणि तेच पोतं, तेव्हा कळलं की थट्टा नाही. मग काय आहे ते मात्र कळलं नाही.

मी नागपूरची. शेती अवजारांचं इंजिनिअरिंग शिकले आणि बंगळूरला नोकरीला आले. माझ्या बरोबरीच्या सगळ्या मुली इथे कॉम्प्युटरच्या कंपन्यांत. मी एकटी मातीत. हेब्बाळला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खिडकीतून फ्लायओव्हर दिसायचा आणि मान वाकडी केली तर तळ्याचा एक तुकडा. आमचं काम शेतीची यंत्रं तपासायचं: निंदणीचं, पेरणीचं, मळणीचं, फवारणीचं. कधी यंत्र बनवणारे पाठवायचे, कधी विकत घेणारे. दोड्डबळ्ळापूर रस्त्याला तासाभरावर आमचा तपासणीचा प्लॉट होता. तिथे यंत्र चालवून बघायचं, डिझेल-पेट्रोल किती खाल्लं, काम किती केलं, तण किती निघालं, रोपं किती मेली, हँडल किती थरथरलं हे मोजायचं आणि रिपोर्ट लिहायचा. घ्या किंवा घेऊ नका. मल्लेश्वरमच्या माझ्या पीजीतल्या मुलींना हे काम सांगितलं की त्या "हाउ क्यूट" म्हणायच्या. आई फोनवर म्हणायची, "काहून तिकडे माती मोजून राहिली? माती इथे नाही का?"

मोजायचं काम माझं. चालवायचं काम अण्णांचं.

अण्णा हे काही त्यांचं नाव नव्हे. या शहरात रिक्षावाला अण्णा, फुलवाला अण्णा, वॉचमनही अण्णाच. पण आमच्या ऑफिसात अण्णा म्हटलं की एकच. निपाणीकडचे, पण राजाजीनगरला एका खोलीत इतकी वर्षं राहिलेले की घरमालकाची तिसरी पिढी त्यांच्याकडून सायकल दुरुस्त करून घ्यायची. घरची मराठी, बाहेरची कन्नड आणि इंग्रजी फक्त नटबोल्टांची. मशीन नीट चाललं की ते त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायचे आणि अडलं की मराठीत. ऑफिसात मी येईपर्यंत मराठी कुणालाच येत नव्हती, त्यामुळे अण्णा कसलासा मंत्र म्हणतात असा सगळ्यांचा समज होता. तो मंत्र काय आहे हे कळणारी मी पहिलीच, आणि मी तो आमच्या मॅनेजरना भाषांतर करून सांगितला नाही, एवढी अक्कल मला होती.

त्यांच्या परीक्षा कुठल्या पुस्तकात नव्हत्या. सकाळच्या गारव्यात दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं, तर ते त्याला गुण द्यायचे नाहीत. म्हणायचे, सकाळी सगळीच उठतात. तास दोन तास राबवून, तापवून, बंद करून ते ऐन उन्हात पुन्हा दोरी ओढायचे आणि किती हिसक्यांत उठतं ते मोजायचे. मशीन धुणार कोण हा त्यांचा आवडता प्रश्न. कंपनीचा विक्रेता अश्वशक्तीबद्दल बोलत असायचा आणि अण्णा विचारायचे, याला धुणार कोण, आणि हात कुठून घालणार. विक्रेता माझ्याकडे बघायचा आणि मी आकाशाकडे.

आणि लुगड्याची परीक्षा. त्यांच्या कापडी पिशवीत जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या असायच्या. बांबूला पट्टी बांधून ते ती चालत्या मशीनच्या फिरत्या भागाजवळ नेऊन झुलवायचे. मशीननं पट्टी ओढून घेतली की नापास. पुढे बोलणं नाही. तण कितीही छान काढो, पेट्रोल कितीही कमी पिवो. मी पहिल्या दिवशी प्लॉटवर गेले तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, शिक्षण काही विचारलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाले होते, "ओढणी खोच आधी." मला राग आला होता. आता आठवलं की त्या रागाचंच हसू येतं.

इतपत सगळं समजण्यासारखं होतं. समजेना तो रकाना.

आमच्या छापील फॉर्मवर प्रत्येक कसोटीपुढे दोन रकाने होते, पास आणि नापास. अण्णा फूटपट्टी घेऊन प्रत्येक फॉर्मवर पेन्सिलीनं तिसरा रकाना आखायचे आणि वर बारीक अक्षरात लिहायचे: कळलं नाही. मराठीतच. आणि सर्वांत जास्त बरोबरच्या खुणा त्याच रकान्यात असायच्या. एक मळणी यंत्र आम्ही आठवडाभर चालवलं. माझ्याकडे कागदांची चळत जमली, अण्णांच्या फॉर्मवर नऊ ठिकाणी "कळलं नाही". मॅनेजर बिचारे मंगळूरकडचे, सज्जन गृहस्थ. ते मला समोर बसवून हिंदीत म्हणायचे की ग्राहक आपल्याकडे उत्तर मागायला येतो, आपण त्याला त्याचाच प्रश्न कसा परत द्यायचा? मी तेच अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे त्यांचं. आणि पुढच्या फॉर्मवर फूटपट्टी ठेवली.

अण्णा असे का, याबद्दल ऑफिसात तीन गोष्टी चालायच्या. एक अशी, की तरुणपणी त्यांनी पास केलेल्या एका यंत्रानं कुणाचा तरी हात नेला. दुसरी अशी, की त्यांनी स्वतःच एक यंत्र बनवलं होतं आणि कुठल्याशा साहेबानं ते न चालवताच नापास केलं. तिसरी गोष्ट चहा करणाऱ्या अक्कांची. त्यांच्या मते अण्णांना काहीच झालेलं नव्हतं, ते जन्मापासूनच असे. मी एकदा धीर करून अण्णांनाच विचारलं, की या तिन्हींतली खरी कुठली? त्यांनी तिन्ही गोष्टी पुन्हा नीट सांगायला लावल्या, लक्ष देऊन ऐकल्या आणि म्हणाले, दुसरी चांगली आहे.

दसऱ्याला आमच्याकडे आयुधपूजा जोरात व्हायची. यंत्रांना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. मॅनेजरांच्या लॅपटॉपलाही गंध लागायचं. अण्णा त्या दिवशी नापास झालेली यंत्रं मागच्या शेडमधून ओढून पुढे आणायचे आणि पहिली माळ त्यांना घालायचे. मी कारण विचारलं नाही. तोवर मी कारणं विचारणं सोडत आले होते.

मग ते निंदणीचं यंत्र आलं, आणि त्याच्याबरोबर गौरम्मा.

गौरम्मा प्लॉटच्या पलीकडच्या, तासाभराच्या वाटेवरच्या गावची. अकरा बायकांचा तिचा गट होता. कुणाची नाचणी, कुणाचा घेवडा, सगळ्यांची जमीन एकाला एक लागून, आणि निंदायला सगळ्या मिळून एकमेकींच्या शेतात. गटानं मिळून एक यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. घ्यायचं की नाही हे आमच्या रिपोर्टवर होतं. ती ऑफिसात आली तेव्हा दर दोन पायऱ्या चढून थांबत होती. गुडघे गेले होते. तिनं मला कन्नडमध्ये बरंच काही सांगितलं, त्यातलं मला तेव्हा निम्मंच कळलं, पण शेवटी तिनं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून एकच प्रश्न विचारला: हे आमच्या शेतात चालेल ना? मी म्हटलं, तपासून सांगते.

तेव्हा माझी प्रोबेशनची मुदत संपत आली होती. आधीचे दोन रिपोर्ट अण्णांच्या रकान्यापायी रखडले होते. मॅनेजरांनी मला सौम्यपणे सांगितलं, की हा रिपोर्ट वेळेत आणि स्पष्ट गेला पाहिजे, नाहीतर मला कायम करणं त्यांच्या हातात राहणार नाही. म्हणजे नागपूरचं तिकीट. आई खूश झाली असती. मी मल्लेश्वरमच्या त्या कोंदट खोलीत बसून पहिल्यांदा ठरवलं, की काही झालं तरी इथून हलायचं नाही.

यंत्र सुरेख होतं. हलकं, आवाज कमी, पट्टी ओढली नाही, उन्हात तिसऱ्या हिसक्याला उठलं. मी लोखंडी चौकट जमिनीवर ठेवून आधीचं तण मोजायचे, यंत्र जायचं, मग उरलेलं मोजायचे. आकडे इतके छान येत होते की मी ते दोनदा मोजले. अण्णाही कन्नडमध्ये बोलत होते. मी मनात म्हटलं, सुटले.

सोमवारी प्लॉटमध्ये दगड सापडले.

आमचा प्लॉट म्हणजे सपाट, भुसभुशीत, वेचून साफ केलेला. नियमच तसा. सगळ्या यंत्रांना सारखी जमीन मिळाली पाहिजे, नाहीतर तुलना कशी करणार? आणि आता त्यात मुठीएवढ्या पांढऱ्या गारगोट्या, तांबड्या मातीत अर्ध्या बुडालेल्या. मॅनेजरांनी बायका लावून त्या वेचून घेतल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा. पुन्हा वेचल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. वॉचमन म्हणाला की जमिनीखालून वर येतात. शेजारचा शेतकरी म्हणाला, प्लॉटची शांत करून घ्या. मॅनेजरांनी कॅमेऱ्याची चौकशी सुरू केली. मी इंजिनिअर, तरी खरं सांगते, जमिनीखालून येत असतील का याचा मी दोन दिवस विचार केला.

चौथ्या सोमवारी मी लवकर गेले. मला वहीतल्या नोंदी पूर्ण करायच्या होत्या. प्लॉटच्या मधोमध अण्णा उकिडवे बसले होते. पिशवीतून एक दगड काढायचे, मातीत ठेवायचे, मुठीनं दाबायचे, थोडं सरकून पुढचा. भाताचं रोप लावावं तसं चाललं होतं. मी बांधावर उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं आणि जराही न दचकता म्हणाले, "आलीस? ये. ओढणी खोच."

मी फार चिडले होते. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. माझी नोकरी, माझे आकडे, नियम, मॅनेजर, वेचणाऱ्या बायका, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सांगितलं, की ते दर रविवारी राजाजीनगरहून तीन बस बदलून गौरम्माच्या गावी जातात आणि तिच्याच शेतातले पिशवीभर दगड घेऊन येतात. तिची जमीन अशीच आहे. दोन हातांवर एक दगड. त्यांनी तिथे पावलांनी मोजलं होतं, आणि इथे तेवढ्याच अंतरावर लावत होते.

मी म्हटलं, की अण्णा, दगडांत चालवायचं तर सगळीच यंत्रं दगडांत चालवायला हवीत. एकाला दगड आणि एकाला लोणी हा न्याय नाही. नियम बरोबर आहे.

"नियम बरोबर आहे की," अण्णा म्हणाले. त्यांच्याकडे 'पण' म्हणायला 'खरं' म्हणतात. "खरं तिचं शेत बरोबर नाही. त्याला काय करायचं?"

नियम खरंच बरोबर होता.

त्या दिवशी मॅनेजर यायच्या आत आम्ही दगडांतून यंत्र चालवलं. सहा फेऱ्या. पहिली सुखरूप गेली. दुसरीत एका दगडावर पातं आपटलं, हँडल उसळून अण्णांच्या बरगडीला लागलं आणि इंजिन बंद पडलं. तिसरी गेली. चौथीत पात्याचा दात वाकला. पाचवी आणि सहावी अशी गेली की जणू दगड नव्हतेच. मी सगळं वहीत लिहिलं आणि वहीकडे बघत बसले. चार वेळा चाललं, दोनदा नाही. कुठल्या दगडाला अडतं आणि कुठल्याला नाही, याचा काही मेळ लागेना. अण्णा बरगडी चोळत पोत्यावर बसले होते. फूटपट्टी आधीच बाहेर आली होती.

त्यानंतरचे दोन दिवस मी वही आणि फॉर्म समोर ठेवून बसले. साफ प्लॉटचे आकडे नियमाप्रमाणे खरे होते. दगडांतल्या फेऱ्या नियमाबाहेर होत्या, त्या रिपोर्टात घालताच येत नव्हत्या. घातल्या असत्या तर दगड कुणी आणले हे सांगावं लागलं असतं आणि अण्णा घरी बसले असते. असं मी स्वतःला समजावत होते. त्यातलं अण्णांसाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मी तेव्हा मोजलं नाही. मी रिपोर्ट लिहिला. यंत्र शिफारसपात्र. जमिनीच्या वर्णनात नियमाप्रमाणे एक ओळ घातली: सपाट, दगडविरहित जमीन. आणि चालवणाऱ्याच्या सहीसाठी फॉर्म अण्णांपुढे ठेवला. त्यावर त्यांचा पेन्सिलीचा रकाना होता आणि शेवटच्या, सर्वांत महत्त्वाच्या ओळीपुढे, म्हणजे यंत्र घ्यावं की नाही यापुढे, त्याच रकान्यात खूण होती.

मला वाटतं माझे डोळे भरले असावेत, कारण त्यांनी फॉर्मऐवजी माझ्याकडे पाहिलं.

"तुला काय वाटतंय?" त्यांनी विचारलं. "चालंल तिथं?"

"चालेल," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. मी तरीही म्हटलं.

"सरी," ते कन्नडमध्ये 'बरं' म्हणाले आणि खोडरबर मागितलं. सगळा रकाना त्यांनी वरपासून खालपर्यंत खोडला, फुंकर मारून चुरा उडवला, आणि पासपुढे पेनानं खूण करून सही केली. त्या कागदावर पेन्सिलीची पुसट रेघ तरीही दिसत होती. स्कॅन केल्यावर ती आली नाही.

मी कायम झाले. मॅनेजरांनी ऑफिसात म्हैसूरपाक वाटला. अण्णांनी एक तुकडा खाल्ला, एक कागदात बांधून पिशवीत टाकला, आणि पुढच्या सोमवारपासून आलेच नाहीत. फोन त्यांच्याकडे नव्हता. आठवड्याभरानं मी राजाजीनगरला त्यांच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. घरमालकाची सून म्हणाली, ते पहाटे जातात आणि अंधार पडल्यावर येतात, कुठे जातात ते सांगत नाहीत. ऑफिसात पुन्हा तीन गोष्टी तयार झाल्या. दुसऱ्या कंपनीनं पळवलं, धारवाडला मुलीकडे गेले, आणि चहावाल्या अक्कांच्या मते काहीच झालं नाही, ते असेच. काही महिन्यांनी खोलीही सोडल्याचं कळलं.

मी मात्र त्यांच्यावर राग धरला. वाटायचं, त्यांनी माझी कीव केली. आयुष्यभर कुणासाठी खोडला नाही तो रकाना माझ्या चार आसवांसाठी खोडला आणि मग त्यांना माझं तोंड बघवेना. कधी वाटायचं, नाही, त्यांना खरंच पटलं असेल. कधी वाटायचं, मी त्यांना इतका मोठा माणूस का करतेय. एक म्हातारा होता, दगड आणायचा, झालं. मी नवीन फॉर्म बनवला, कॉम्प्युटरवरचा. त्यात दोनच पर्याय होते आणि कुणाला रेघ मारायला जागा नव्हती. सगळे खूश झाले, मीही.

पुढच्या वर्षी पाठपुराव्याचं काम माझ्याकडे आलं. ज्यांनी आपला रिपोर्ट पाहून यंत्र घेतलं त्यांच्या शेतावर जायचं आणि ते चालतंय का ते बघून फॉर्म भरायचा. यादीत गौरम्माचा गट होता. मी तो शेवटपर्यंत मागे ढकलला. अखेर व्हॅननं मला तिच्या शेताच्या कडेला सोडलं. यंत्र गंजून कोपऱ्यात पडलं असेल आणि गौरम्मा गुडघ्यांवर हात ठेवून माझ्याकडे बघेल, एवढंच मला दिसत होतं.

यंत्र चालत होतं. नाचणीच्या दोन ओळींमधून एक तरुण बाई ते घेऊन सरळ जात होती, पदर खोचून, एका हातानं. हँडलवर कुंकवाचं बोट होतं. गौरम्मा बांधावर बसून दुसरीला सूचना देत होती. मला बघून उठली, तीही पटकन उठली. तोवर माझं कन्नड बरं झालं होतं. मी विचारलं, कसं चालतं? ती म्हणाली, छान चालतं, आठ दिवसांचं काम दोन दिवसांत होतं, गुडघ्यांना आराम आहे.

मी खाली पाहिलं. तांबडी माती, भुसभुशीत. एकही दगड नाही. मग मी ज्या बांधावर उभी होते त्याच्याकडे पाहिलं. तो कमरेएवढा होता आणि सगळा पांढऱ्या गारगोट्यांचा. शेताच्या चारी बाजूंनी. पलीकडच्या शेतालाही. अकराच्या अकरा शेतांना.

मी विचारलं, हे कुणी केलं?

गौरम्माला प्रश्न विचित्र वाटला असावा. आम्हीच, ती म्हणाली. तुमच्या कागदात लिहिलं होतं ना, दगड नसलेली जमीन. मग दगड काढले. पूर्ण उन्हाळा गेला. मी मनातल्या मनात अकरा बायकांचा उन्हाळा आणि त्यांची निंदणी यांची वजाबाकी करायला लागले आणि ती काही जमेना. यंत्रानं त्यांचं काम वाचवलं की वाढवलं? जमीन सुधारली, हे तर खरंच. पण तसं त्यांनी ठरवलं नव्हतं. आमच्या एका ओळीनं ठरवलं होतं.

"आणि तुमचा तो म्हातारा होता की," गौरम्मा म्हणाली.

मग तिनं सांगितलं. यंत्र यायच्या आधीपासून ते रोज पहिल्या बसनं यायचे. कापडी पिशवी घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते नुसते एका टोकाला बसून दगड वेचायला लागले, तेव्हा बायकांना वाटलं की डोकं फिरलंय. हेच दर रविवारी येऊन दगड घेऊन जायचे, आता इथेच वेचून ढीग करतायत. तिसऱ्या दिवसापासून बायकाही वेचायला लागल्या. दुपारी भाकरी ते ढिगाशेजारी बसून खायचे. शेवटचं शेत झालं, यंत्र आलं, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडता गेलं ते त्यांनी उभं राहून पाहिलं, आणि गेले. पुन्हा आले नाहीत. कुठे गेले ते तिलाही माहीत नव्हतं.

मी विचारलं, का करताय म्हणून त्यांना कुणी विचारलं नाही का?

"विचारलं ना मी," गौरम्मा म्हणाली. "म्हणाले, आमच्या पोरीनं लिहून दिलंय इथं चालतं म्हणून. ती खोटी पडायला नको."

ती पुढे पावसाबद्दल काहीतरी बोलत होती. मी ऐकत नव्हते. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग कुणाचा तेही समजत नव्हतं. हातातल्या टॅबवर माझाच फॉर्म उघडा होता. यंत्र शेतात समाधानकारक चालते का? होय, नाही. मी 'होय' दाबलं. ते खरंच होतं. मी यंत्र चालताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

व्हॅन यायला अजून तासभर होता. शेताच्या वरच्या कोपऱ्यात, पावसानं माती धुतली होती तिथे, चार-सहा पांढरे दगड पुन्हा उघडे पडले होते. यंत्र फिरून त्या ओळीकडे यायला थोडा वेळ होता. मी टॅब बांधावर ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि खाली उतरले.